पौषातली कातरणी

माळरानाच्या कडेला पेठेचं एक गाव होतं, आणि त्या गावात त्र्यंबकशेट नावाचा एक नगरशेट राहत होता. गाव खाऊनपिऊन सुखी होतं. तेलाचे घाणे होते, धान्याची मोठी वखार होती, बाजाराच्या दिवशी गाड्यांची रांग वेशीबाहेर जायची. आणि गाव असं भरलेलं असूनही, किंवा भरलेलं होतं म्हणूनच, त्याच्या रस्त्यांवर मोकाट जनावरांना तोटा नव्हता.

ती जनावरं काही आभाळातून पडलेली नव्हती. घाण्याभोवती फिरून फिरून ज्याचे डोळे गेले, तो बैल शेटच्याच घाण्याचा. पोती वाहून ज्याची पाठ बसली, ते गाढव शेटच्याच वखारीचं. आटलेली म्हैस कुणाची, म्हातारी होऊन दारातून हाकललेली कुत्री कुणाची, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण जनावर कामाचं असेपर्यंत ते 'आमचं' आणि काम संपलं की ते 'देवाचं', असा तिथला रिवाज. देवाचं म्हटलं की माणसाचा जीव हलका होतो. वैरण घालायला नको, छप्पर द्यायला नको, आणि वर भाविकपणाही पदरात पडतो.

पौषात त्या माळावर जो वारा सुटतो तो कातडं सोलून काढतो. तेव्हा ही 'देवाची' जनावरं घरांच्या भिंतींना अंग घासत रात्र काढायची. रानातले ससे आणि हरणंसुद्धा उबेसाठी गावच्या कडब्याच्या गंजींपर्यंत यायची. लोक त्यांना दगड मारून हाकलायचे आणि घरात जाऊन शेगडीपुढे बसायचे.

एका वर्षी राजानं दवंडी पिटवली. राजा मनानं चांगला होता, जरा भाबडा होता. वाटेच्या कडेला थंडीनं आखडून मेलेलं एक वासरू त्यानं पाहिलं होतं आणि ते त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. पौष सरायच्या आत राजा स्वतः गावोगाव फिरणार होता. ज्या गावात मुक्या जनावरांची सर्वांत चांगली काळजी घेतलेली दिसेल, त्या गावच्या नगरशेटाला पालखीचा मान मिळणार होता.

पालखी म्हणताच त्र्यंबकशेटची झोप उडाली. आयुष्यभर गाडीत बसून त्याच्या कमरेचे टाके ढिले झाले होते, आणि आता चौघांच्या खांद्यावरून मिरवायची संधी दारात आली होती. त्यानं चावडीवर बैठक बोलावली. गावचे म्हातारे पंतोजी म्हणाले, "शेट, अवघड काय आहे? तुमचा गाडीखाना रिकामाच पडलाय. वखारीच्या मागची पडवी रिकामी आहे. जनावरं आत घ्या, पुढ्यात वैरण टाका. झालं काम."

शेट हसला. "पंतोजी, जनावरं आत कोंडली, तर राजेसाहेबांना आपली दया दिसायची कुठून?"

बैठकीतल्या सगळ्या माना हलल्या. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. एकालाही नाही.

मग शेटनं आपला बेत सांगितला. गावातल्या प्रत्येक मोकाट जनावराच्या अंगावर नवी कोरी घोंगडी घालायची. काळीभोर, तांबड्या काठाची. राजाची स्वारी वेशीतून आत येईल तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घोंगड्या पांघरलेली जनावरं ओळीनं उभी असली पाहिजेत. सणगरांना बोलावणं गेलं. घोंगड्या विणण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. ते म्हणाले, "माग तयार आहेत शेट, पण लोकर कुठाय? मृगाआधीची सगळी लोकर कधीच विणून झाली आणि घोंगड्या कोकणात गेल्यासुद्धा."

लोकर होती. पण ती माळावर होती, म्हाकू धनगराच्या मेंढरांच्या अंगावर.

म्हाकूचा मेंढवाडा गावापासून हाकेच्या अंतरावर होता. म्हाकूच्या बापाचा आणि आज्याचाही तिथंच होता. शेतं खतवायची असली की गाव त्यांना मेंढरं बसवायला बोलवायचं, आणि शेतं खतवून झाली की विसरायचं. चावडीच्या जाजमावर त्यांच्या घरातलं कुणी कधी बसलेलं नव्हतं. जत्रेत मानकऱ्यांना पागोटी बांधली जायची, तेव्हा म्हाकू गर्दीच्या मागे टाचा उंचावून बघत असायचा. त्याला हाव कसलीच नव्हती, एवढी एक सोडून. आपल्या नावाची हाळी यावी आणि चार लोकांनी बाजूला सरकून आपल्याला जागा करून द्यावी, एवढंच त्याला वाटायचं. माणसाला असं वाटण्यात गैर काय?

गैर काहीच नाही. गैर पुढे झालं.

शेट स्वतः माळावर चालत आला. म्हाकूच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "म्हाकू, गावाला तुझी लोकर हवी. राजेसाहेब येतील त्या दिवशी तुला मानाचं पागोटं बांधू. तू माझ्या शेजारी जाजमावर बसशील."

म्हाकू गडबडला. धनगरांमध्ये एक रीत होती. होळी मागे पडली की मृग लागायच्या आत मेंढरं कातरायची. एरवी कातर फडक्यात गुंडाळून बिरोबाच्या देव्हाऱ्याखाली ठेवलेली असायची. पौषात तिला हात लावायचा नाही, आणि का नाही हे म्हाकूला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यानं तसं सांगितलंही. "शेट, पुसाच्या थंडीत मेंढरं कातरत न्हाईत."

"अरे, जनावरांच्याच दयेसाठी कातरतोस ना? देव तुला काय बोलणार आहे?" शेट म्हणाला. "आणि तुला जमत नसेल, तर पलीकडच्या वाडीतला बिरा आहेच. पागोटं त्याला बांधू."

हा घाव बरोबर बसला. बिराच्या डोक्यावर पागोटं बघायची कल्पना म्हाकूला सोसली नाही.

त्याची बायको सुगला कालवणाची चूल फुंकत होती. शेट गेल्यावर ती वळली. "आवं, तुमाला हिवाळा कळतो का न्हाई? कोकरं तीन आठवड्याची बी झाली न्हाईत. आयांच्या लोकरीत शिरून निजत्यात ती."

"हाय ठावं," म्हाकू म्हणाला.

"ठावं हाय म्हणून तर इच्यारत्ये."

म्हाकू देव्हाऱ्यापाशी गेला, फडकं सोडलं आणि कातर काढली. त्याला कळत नव्हतं असं नाही. त्याला सगळं कळत होतं, आणि म्हणूनच त्याची कीव करावीशी वाटत नाही. न कळून केलेली चूक पोटात घालता येते. त्यानं तर कळून सवरून पहिल्या मेंढीचे पाय बांधले.

मेंढरं मात्र नेहमीसारखी आली. म्हाकूनं हाक मारली की यायचं, एवढंच त्यांना माहीत होतं. अंगावरची जाड लोकर उतरली तशा मेंढ्या बाजूला जाऊन हाडकुळ्या शेळ्यांसारख्या उभ्या राहिल्या. तपकिरी ठिपक्यांची भोरी नावाची म्हाकूची लाडकी मेंढी होती. ती कातरल्यावर त्याच्या गुडघ्याला अंग लावून थांबली, कारण वारा लागत होता. तिची कोकरं तिला शोधत आली, हुंगली आणि गोंधळून मागे सरली. त्यांच्या आईचं अंगच नाहीसं झालं होतं. म्हाकूनं दुसरीकडे पाहिलं आणि पुढची मेंढी ओढली.

गावात सणगरांचे माग खडखडू लागले. आणि माळावर थंडी पडली.

पहिल्या सकाळी सुगलानं एक कोकरू उचलून म्हाकूपुढे ठेवलं. ते लाकडासारखं कडक झालं होतं. दुसऱ्या सकाळी आणखी कोकरं गेली. मग मोठ्या मेंढ्या पडू लागल्या. उबेसाठी कळपाच्या मधे शिरायची त्यांची धडपड चालायची, आणि कडेला पडलेली मेंढी उजाडेपर्यंत जगायची नाही. सुगलानं स्वतःचं लुगडं फाडून कोकरांना गुंडाळलं, वाकळ पसरली, जाळ केला. पण सगळ्या कळपाला पुरेल एवढं त्यांच्या खोपटात काही नव्हतंच.

शेवटी म्हाकू शेटच्या वाड्यावर गेला. ओसरीवर तयार घोंगड्यांची छताला टेकेल एवढी चळत लागली होती.

"शेट, राजेसाब येईस्तवर येवढी घोंगडी मेंढरांवर घालू द्या. त्या दिशी झाडून, साफ करून परत देतो."

"वेडा का खुळा? लेंड्यांनी भरून आणशील. राजेसाहेबांपुढे वास मारायला हवाय का?"

"मग गाडीखाना तरी उघडा. दोन रात्री."

शेटनं त्याच्याकडे असं बघितलं की जणू लहान मुलाला काही समजावून सांगायचं आहे. "म्हाकू, आपली दया कुणासाठी आहे? बेवारशी जनावरांसाठी. तुझी मेंढरं काय बेवारशी आहेत? त्यांना मालक आहे. त्यांचं मालकानं बघावं." आणि मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "परवा पागोटं बांधायचंय. तोंड पाडून येऊ नकोस. शुभ कार्य आहे."

हे ऐकून म्हाकूनं काय करायला हवं होतं? तिथल्या तिथे ती चळत खाली ओढायला हवी होती. चावडीवर जाऊन आरडाओरडा करायला हवा होता. पंतोजींचं दार वाजवायला हवं होतं. त्यानं यातलं काहीही केलं नाही. तो मान खाली घालून माळावर परतला. परवाच्या पागोट्यासाठी त्यानं आणखी दोन रात्री गिळल्या.

राजाची स्वारी आली त्या सकाळी गाव ओळखू येत नव्हतं. रस्ते झाडून काढलेले, वेशीवर तोरण. दोन्ही बाजूंना जनावरं खुंट्यांना आखडून बांधलेली, म्हणजे रांग मोडायला नको. आंधळ्या बैलाच्या अंगावर घोंगडी, पाठ बसलेल्या गाढवाच्या अंगावर घोंगडी. कुत्र्यांना घोंगड्यांची सवय नव्हती, म्हणून त्या पोटाखालून सुतळीनं आवळल्या होत्या. वैरण कुणाच्याच पुढ्यात नव्हती. घोंगडीखाली बरगड्या झाकून गेल्या होत्या, मग वैरण हवी कशाला?

शेट एवढ्यावर थांबला असता तर तो शेट कसला? रानातल्या जनावरांवरही आपली माया आहे हे दिसावं म्हणून त्यानं जाळी लावून ससे धरून आणले होते. एक पाडस धरलं होतं. एका वानराला कुंची शिवून घातली होती आणि दोरीनं खांबाला बांधलं होतं. रानात सुखानं राहणाऱ्या जिवांना पकडून, भीतीनं अर्धमेलं करून, त्यांच्यावर दया केली होती. सशांची काळजं कशी उडत होती ते कुंचीच्या शिलाईचं कौतुक करणाऱ्यांपैकी एकालाही दिसलं नाही. चीड येते ती याची.

म्हाकू जाजमावर बसला होता. त्याच्या डोक्यावर भगवं पागोटं होतं. त्याला हाळी आली होती, लोकांनी बाजूला सरकून जागा करून दिली होती. आयुष्यभर जे हवं होतं ते सगळं झालं होतं. त्याच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, एक म्हातारी कुत्री उभी होती. तिच्या घोंगडीच्या काळ्या लोकरीत मधेच तपकिरी पट्टा होता. म्हाकूनं तो ओळखला. भोरी त्या पहाटेच गेली होती.

राजा पालखीतून उतरला. मान मिळेल त्याला द्यायची म्हणून दुसरी रिकामी पालखी मागे सजवून आणलीच होती. राजा हळूहळू रांग बघत आला. त्याचे डोळे खरोखर भरून आले. "शेट," तो म्हणाला, "एवढी लोकर या दिवसांत कुणी दिली?"

शेटनं म्हाकूला पुढे ढकललं. "हा आमचा म्हाकू, महाराज. दयाधर्मासाठी आनंदानं दिली त्यानं."

राजानं म्हाकूकडे प्रेमानं पाहिलं. "तुझ्या मेंढ्या आम्हांला बघायच्या आहेत. ज्यांनी इतक्या जिवांना ऊब दिली, त्यांच्या पाठीवरून आम्ही स्वतः हात फिरवू."

शेटचा चेहरा क्षणभर उतरला, पण जिभेला तेल लावलेलं होतं. "महाराज, मेंढरं चरायला लांब गेलीत. दोन डोंगर पलीकडे. होय ना रे म्हाकू?"

सगळं गाव म्हाकूकडे बघू लागलं. त्यानं नुसती मान हलवायची होती. शब्दसुद्धा काढायचा नव्हता. मान हलवली की पागोटं राहणार होतं, जाजमावरची जागा राहणार होती, पुढच्या जत्रेत पुन्हा त्याच्या नावाची हाळी येणार होती. मेलेली मेंढरं तर काही परत येणार नव्हती. पण जी अजून जिवंत होती त्यांची आजची रात्र जायची होती.

"लांब न्हाईत, म्हाराज," म्हाकू म्हणाला. "वेशीच्या भाईर हायेत. चला."

शेटनं त्याचा सदरा मागून ओढला. म्हाकूनं तो सोडवून घेतला.

मेंढवाड्यात सुगला जाळापाशी बसली होती. तिनं राजाला पाहिलं, पण ती उठली नाही. तिच्या मांडीवर दोन कोकरं होती, आणि एकाला ती तळहातानं चोळत होती. मागे उघडीबोडकी मेंढरं एकमेकांत तोंडं खुपसून थरथरत होती. बाजूला, कुंपणालगत, मेलेली मेंढरं रचून ठेवली होती. ती पुरायला जमीन खणायची, तर तेवढं बळ आता दोघांत उरलं नव्हतं.

राजा कुंपणापर्यंत चालत गेला. मग त्यानं विचारलं, "हे कुणी केलं?"

"कातर म्या चालवली, म्हाराज," म्हाकू म्हणाला. "घोंगडी शेटची, पर कातर माझी. पुसात कातरू नये ह्ये मला ठावं हुतं. पागोट्यासाठी कातरली. माझं काय करायचं ते करा, पर आधी ह्यांना आत घ्या. आज रातीला ह्यातली निम्मी ऱ्हात न्हाईत."

राजानं जवळच्या मेंढीच्या पाठीवर हात ठेवला. त्याला आठवलं, रांग बघून आताच आपले डोळे भरून आले होते. "आम्हीसुद्धा नुसतं बघायलाच आलो होतो," तो म्हणाला. "एकाही घोंगडीखाली हात घातला नाही."

मग मात्र त्यानं वेळ घालवला नाही. मेंढरांसाठी शेटचा गाडीखाना उघडवला, मोकाट जनावरांसाठी वखारीमागची पडवी उघडवली. मोकाट जनावरांच्या अंगावर देवानं दिलेले केस होते, त्यांना छप्पर आणि वैरण पुरेशी होती. ती आत गेली आणि त्यांच्या पाठीवरच्या घोंगड्या निघून ज्यांच्या होत्या त्या मेंढरांच्या अंगावर आल्या. ससे आणि पाडस रानात सोडले. वानराची दोरी कापली, तेव्हा ते कुंची अंगावर ठेवूनच झाडावर चढलं आणि तिथं बसून त्यानं ती दातांनी टराटरा फाडली. लोकांना हसू आलं, पण कुणी हसलं नाही.

त्र्यंबकशेट पुढे येऊन हात जोडू लागला. "महाराज, गैरसमज होतोय. हेतू चांगला होता."

"हेतू चांगला होता ना?" राजा म्हणाला. "मग होळीपर्यंत या जनावरांना तुमच्या हातानं वैरण घाला. आम्ही बघायला येणार नाही. कुणीच बघणार नाही. तेव्हा हेतू कळेल." आणि पालखी आली तशीच रिकामी परत गेली.

जाताना राजा म्हाकूपाशी थांबला. "तू चुकलास," तो म्हणाला, "पण खरं बोललास. पागोटं राहू दे तुझ्याकडे."

स्वारी गेली. गाव पांगलं. पंतोजी मागे राहिले आणि त्यांनी मुकाट्यानं कुदळ उचलली. ते आणि म्हाकू माळावर खड्डा खणू लागले. खड्डा झाल्यावर म्हाकूनं डोक्यावरचं पागोटं सोडलं. ते बरंच लांब होतं. एक टोक त्यानं सुगलाच्या हाती दिलं. दोघांनी मिळून ते कापड भोरीच्या आणि तिच्या शेजारच्या कोकरांच्या उघड्या अंगावरून गुंडाळलं, आणि मग माती लोटली.

सुगला एवढंच म्हणाली, "आता पांघरूण घातलं व्हय?"



तात्पर्य: लोकांना दिसावी म्हणून केलेल्या दयेचं मोल कुणीतरी मुका जीव भरत असतो. दुबळ्याला ऊब द्यायची तर ती दुसऱ्या दुबळ्याच्या अंगावरून ओरबाडून देऊ नये, आपल्या घरातून द्यावी. आणि वेळ टळायच्या आत द्यावी.